त्वचेचा कर्करोग : आकाराहून खोली महत्त्वाची

डोके व मानेच्या त्वचेवरील स्क्वॅमस पेशींचा कर्करोग वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास बहुधा बरा होतो. मात्र गाठ ६ मिलिमीटरहून खोल गेली किंवा त्वचेखालील मज्जातंतूच्या आवरणात शिरली, तर धोका वाढतो. २०१८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या आठव्या वर्गीकरणात अशी गाठ ४ सेंटिमीटरहून लहान असली तरी ‘टी-३’ श्रेणीत धरली जाते. बायोप्सीच्या अहवालात म्हणूनच केवळ लांबी-रुंदी पुरेशी नसते. कान आणि ओठ ही ठिकाणे जोखमीची. कानापुढील लाळग्रंथीतल्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचल्यास उपचार अवघड होतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत तो अधिक आक्रमक ठरतो. चेहऱ्याला मुंग्या वा बधिरता येण्याची तक्रार किरकोळ वाटते. पण ती मज्जातंतू ग्रासला गेल्याची खूण असू शकते.