धरण बांधले, काठ राहिला

जिंतूरपासून पंधराएक किलोमीटरवर पूर्णा नदी अडवून बांधलेले येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. ९३४ दशलक्ष घनमीटरचा साठा, पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजघर, खाली सिद्धेश्वर धरण आणि तिथून परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारात गेलेले कालवे, हा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडतो. काठ मात्र त्या हिशेबात संपादित जमीन एवढाच उरतो. परभणी हा राज्यातल्या सर्वात कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. जी थोडी झाडी शिल्लक आहे त्यातली बरीच जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे जिल्ह्यातल्या सर्वात मोठ्या पाण्याच्या शेजारीच आहे. रान आणि पाणी असे लागून असताना तासा-दोन तासांची पायवाट आणि वल्ह्याची होडी ही तिथली रीत का झाली नाही? इकडच्या माणसाला त्याची हौसच नाही, असे उत्तर सहज दिले जाते. ते मला पटत नाही. डोंगर चढण्याची आणि पाण्यावर उतरण्याची सवय इथे जुनी आहे. धरण आखताना काठाचा विचार झाला नाही, आणि पुढे मराठवाड्यात तो झाला तेव्हा नमुना चुकीचा निवडला गेला, हे खरे कारण आहे.

सवयीचा पुरावा लांब शोधावा लागत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर जैन गुंफामंदिरे आहेत आणि यात्रेकरू पिढ्यानपिढ्या ती टेकडी चढत आले आहेत. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जनाबाईच्या गावी येणाऱ्यांची चाल तर त्याहून लांबची. पाण्याचेही तेच. पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायची म्हणजे भोयांची नाव, भोपळ्यांची सांगड नाहीतर गूळ रांधायची काहील हीच साधने होती. पुराच्या पाण्यात काहील फिरू न देता पैलतीराला लावणे हे अंगमेहनतीचे आणि कसबाचे काम. नदीपलीकडे शेत असलेले शेतकरी आजही थर्माकोलच्या तराफ्यावरून जातात, त्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. कोणी म्हणेल, ही गरज होती, त्यात विरंगुळा कुठला? आक्षेप रास्त आहे. पण जगात बहुतेक ठिकाणी विरंगुळा गरजेतूनच आला. कॅनडातल्या आदिवासींची वाहतुकीची डोंगी पुढे शहरी लोकांची सुटीतली होडी झाली. आपल्याकडे मधला दुवा तुटला, कारण नदीचा तलाव झाला तेव्हा तिथे लोकांनी यावे अशी जागा कोणी आखलीच नाही.

ती आखता आली असती. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे पहिले धरण, नॉरिस, १९३६ मध्ये पूर्ण झाले, आणि धरणाबरोबरच काठावर झाडी लावून, पायवाटा काढून, लाकडी खोल्या बांधून उद्यान उभे केले गेले. आपल्याकडच्या नियोजनकारांना हा प्रयोग चांगला ठाऊक होता. १९४८ चे दामोदर खोरे महामंडळ त्याच धर्तीवर निघाले. आपण त्यातून वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण घेतले, काठावरचे रान तिथेच ठेवले. करमणुकीसाठी आपल्याला आवडली ती म्हैसूरची वृंदावन बाग, कृष्णराजसागराच्या पायथ्याची, कारंजी आणि रंगीत दिव्यांची. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान झाले ते याच नमुन्यावर. अशी बाग देखणी असते यात वाद नाही, पण तिला रोज माळी, वीजबिल आणि पंप लागतो. अनुदान आटले की कारंजी आधी बंद पडतात, मग हिरवळ जाते. पैठणच्या उद्यानाची रया गेल्याचे आणि ते पुन्हा उभे करण्याच्या घोषणांचे वृत्तांत मराठवाड्याने वर्षानुवर्षे वाचले आहेत. शिवाय ही बाग धरणाच्या खालच्या अंगाला असते. तलाव भिंतीपलीकडे राहतो आणि पाहुणा त्याच्याकडे पाठ करून कारंजे बघतो, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

आता मुख्य आक्षेप. मराठवाड्यात पाणी पिण्याला पुरत नाही, तिथे होड्या कसल्या सोडता? २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आठवणीपुढे होड्यांची गोष्ट उर्मट वाटू शकते. पण वल्ह्याची होडी पाणी पीत नाही आणि इंजिन नसल्याने त्यात तेलही सांडत नाही. परभणी-जिंतूरचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते, म्हणून मोटारबोटीपेक्षा वल्हेच बरे. दुसरे म्हणणे असे की येलदरीची पातळी उतरते, वर बुलढाण्यात खडकपूर्णा धरण झाल्यापासून आवकही घटली, मग उन्हाळ्यात काठावर चिखलच. खरे आहे. पण नॉरिसचे पाणीही दर हिवाळ्यात कित्येक फूट खाली जाते. तिथले धक्के पाण्याबरोबर वरखाली होतात आणि पायवाटा सर्वोच्च पातळीच्या वरून काढलेल्या आहेत. इथे पायवाट बारा महिने आणि होडी पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत, एवढे केले तरी पुरे. तिसरा आक्षेप जिवाचा, आणि तो सर्वात वजनदार आहे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. पण यातून होडी नको असा निष्कर्ष निघत नाही. जीवरक्षक जाकीट, वाऱ्याचा अंदाज आणि काठ न सोडण्याचा नियम याशिवाय होडी नको, असा निघतो. नियम घालायला आधी अधिकृत जागा लागते. आज धरणांवर बुडणारे बहुतेक जण जिथे कोणाचेच लक्ष नाही अशा काठावर उतरलेले असतात.

रान विरळ आहे, असेही म्हणतात. पळस, खैर, सीताफळाची झुडपे म्हणजे काही नवेगाव बांध नव्हे. पण तिथला तलावही कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात शेतीसाठी बांधला होता आणि १९७५ मध्ये त्या परिसराचे राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे मधल्या काळात रान टिकले, येलदरीच्या काठावर ते टिकवावे लागेल, हा फरक मोठा असला तरी अडवणारा नाही. चराई आणि तोड थांबली तर या मुरमाड टेकड्यांवर झाडी आपोआप धरते. मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांचा हक्क मात्र आधी पाहिला पाहिजे. पाणी त्यांना खडानखडा ठाऊक आहे, म्हणून होड्या चालवायचा पहिला परवाना बाहेरच्या ठेकेदाराला न देता त्यांच्या सहकारी संस्थांना द्यावा. जलाशय जलसंपदा खात्याचा, टेकड्या वन खात्याच्या, मासळीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडे, अशी आजची वाटणी आहे. एकेका खात्याच्या अर्जाने हे काम व्हायचे नाही. तिघांना एकत्र बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तो त्यांनी वापरावा.