खोक्यापासून भिंतीपर्यंत : जुन्नर-आंबेगावातील दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा कार्यक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ‘रामायण’ १९८७ साली सुरू झाले, ‘महाभारत’ १९८८ साली, मग खासगी वाहिन्या आल्या, इत्यादी. हा इतिहास खोटा नाही. परंतु त्यात घर कुठेच दिसत नाही. ज्या वस्तूसाठी माणसांनी माजघराची मांडणी बदलली, तिचा इतिहास भिंतीच्या बाजूने लिहावयास हवा असे आम्हांस वाटते. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सोयीचे आहेत.

सोयीचे अशासाठी, की येथे एक विलक्षण विसंगती आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली देशाचे उपग्रहाद्वारे परदेशी दळणवळण करणारे भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखले जाते. म्हणजे परदेशी जाणारे संदेश या शिवारातून आकाशात जात होते, तेव्हा शिवारातील एकाही घरात दूरचित्रवाणी नव्हती. असणार तरी कशी? मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुण्यासाठी सिंहगडावरील सहक्षेपण त्यानंतर वर्षभराने. आकाशाशी संबंध आधी, सिंहगडाशी नंतर, असा हा उलटा क्रम.

सिंहगडाहून येणाऱ्या लहरी सरळ रेषेत चालतात, डोंगर आडवा आला की अडतात. कुकडी, मीना आणि घोड यांची खोरी पश्चिमेकडे अरुंद होत जातात. पूर्वेच्या सपाटीवरील गावांना जे चित्र मिळे ते आदिवासी पट्ट्यातील वाड्यांना मिळत नसे, मिळाले तरी त्यात मुंग्याच अधिक. मग उंच पाइपावर अँटेना, तिला बूस्टर, आणि छपरावर चढून ‘आता दिसतंय का?’ असे ओरडणारा घरातील एक मुलगा. हा बूस्टर बिघडला तर स्वतःच लहरी सोडू लागतो. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी राहिली ती या परिसराच्या रेडिओ-शांततेमुळे. तिच्या दृष्टीने असा बूस्टर म्हणजे गावातला एक छोटा गोंगाटच. छबी मिळवण्याची आमची धडपड आणि आकाशगंगा ऐकण्याची शास्त्रज्ञांची धडपड एकाच हवेत चालली होती, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

डीटीएचच्या छत्रीने ही विषमता मोडली. दूरदर्शनची मोफत सेवा २००४च्या डिसेंबरात आली. छत्री आग्नेयेकडे आणि बरीच वर, आभाळात पाहते. त्यामुळे डोंगराचा पडदा तिला फारसा आडवा येत नाही. सह्याद्रीच्या कुशीतील वाडी आणि मंचरची पेठ यांच्या पडद्यावर एकच चित्र दिसू लागले, ही आमच्या मते वाहिन्यांच्या संख्येपेक्षा मोठी घटना होय. (टीव्हीने तमाशा मारला, असे नारायणगावच्या संदर्भात नेहमी बोलले जाते. ते अर्धेच खरे. यात्रांच्या हंगामाची सुपारी अजूनही नारायणगावातच ठरते.)

आता पडद्याचे शरीर. एकवीस इंची जुना संच वीस किलोंहून जड आणि दीड फूट खोल. त्याला टेबल किंवा शोकेस लागे. आजचा बत्तीस इंची पातळ संच चार-पाच किलोंचा. तो भिंतीवर जाऊ शकतो. पण कोणत्या भिंतीवर, हाच प्रश्न. जुन्या घरांत भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. भिंत पांढऱ्या मातीची किंवा मातीत बसवलेल्या विटांची, ती केवळ आडोसा. अशा भिंतीत ड्रिलने भोक पाडले की माती भुरभुरते, प्लॅस्टिकची गिट्टी फिरते आणि स्क्रू हाती येतो. कंपनीचा माणूस चार भोके पाडून निघून जातो, कारण त्याची पुस्तिका सिमेंटच्या भिंतीसाठी लिहिलेली असते. येथे जुन्या सुताराचे शहाणपण कामी येते: दोन खांबांमध्ये जाड फळी आडवी ठोकावी आणि चौकट तिच्यावर बसवावी. खण साधारण पाच फुटांचा. त्रेचाळीस इंची संचाची रुंदी सुमारे तीन फूट, म्हणजे तोही आरामात मावतो. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, ती टाळावी. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढावी.

बेताच्या पैशात घेणाऱ्यांनी बत्तीस इंचीच का घेतला, याचे एक उत्तर करातही आहे. १ जानेवारी २०१९पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या संचावर अठरा टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यावर अठ्ठावीस. हा फरक २२ सप्टेंबर २०२५ला गेला. टोमॅटोला भाव मिळाल्यावर संच घेणाऱ्या घराला दहा टक्के थोडे नव्हेत. तो वाचलेला पैसा आम्ही फळी, चांगले स्क्रू आणि स्टॅबिलायझर यांवर खर्चण्यास सांगू.

उरतो उंचीचा प्रश्न. जमिनीवर बसणाऱ्याची नजर सुमारे अडीच फुटांवर असते. बसवणारे मात्र संच पाच-सहा फुटांवर टांगतात. ही उंची यंत्राची नाही, ती देवांच्या तसबिरींची आणि हार घातलेल्या वडीलधाऱ्यांच्या फोटोंची आहे. समोरच्या भिंतीवरील ती जागा आधीपासून ठरलेली होती, नवी वस्तू फक्त तेथे जाऊन बसली. फोटो मग बाजूच्या भिंतीवर जातात. ते हलके असतात. मातीच्या भिंतीत ठोकलेला एक खिळा त्यांना पुरतो.