अनुभव कोणाचा? गणेशपुरीतून निघालेला एक प्रश्न

१/ ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी गणेशपुरी वसली आहे. गरम पाण्याच्या कुंडांसाठी हा परिसर जुन्या काळापासून प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र येथून एक अवघड प्रश्न जगभर गेला: गुरूवरचा विश्वास उडाला, तर त्याच्या सान्निध्यात ध्यानात आलेल्या अनुभवाचे काय?

२/ १९३६ च्या सुमारास दक्षिणेकडून आलेले अवधूत नित्यानंद गणेशपुरीत स्थिरावले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी मंगळूरकडच्या एका संन्याशाला दीक्षा दिली. हेच पुढे स्वामी मुक्तानंद म्हणून प्रसिद्धीस आले. १९५६ मध्ये नित्यानंदांनी त्यांना गणेशपुरीतच आश्रमासाठी जागा दिली.

३/ या परंपरेचा गाभा म्हणजे ‘शक्तिपात’. गुरूच्या स्पर्शाने, दृष्टीने, शब्दाने किंवा संकल्पाने शिष्यातील कुंडलिनी जागृत होते, अशी ही धारणा. प्रकाश दिसणे, शरीर आपोआप हलणे, अश्रू, अवर्णनीय आनंद ही त्याची लक्षणे मानली जातात.

४/ खुद्द मुक्तानंदांना मात्र आरंभी या लक्षणांची भीती वाटली होती. चाळीसगावजवळच्या सुकी येथे साधना करताना त्यांना आगीचे लोळ दिसू लागले, शरीर ताब्यात राहीना. आपल्याला वेड लागत आहे, अशी शंका त्यांना आली. पुढे एका कपाटात ‘महायोगविज्ञान’ हा ग्रंथ सापडला आणि ही शक्तिजागृतीची चिन्हे असल्याचा उलगडा त्यांना झाला. ‘चित्शक्ति विलास’ या आत्मकथनात त्यांनीच हे सांगितले आहे.

५/ हा प्रसंग महत्त्वाचा आहे. अनुभव आधी आला, त्याचा अर्थ नंतर ग्रंथातून मिळाला. ज्याला काल वेड म्हणावेसे वाटत होते, त्यालाच आज कृपा हे नाव लाभले.

६/ १९७० ते १९८१ या काळात मुक्तानंदांनी तीन विश्वयात्रा केल्या. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातील हजारो तरुण ध्यानशिबिरांना आले, अनेकांनी थेट गणेशपुरी गाठली. गुरुगीतेचे पठण, नामसंकीर्तन, गुरुसेवा असा तेथला दिनक्रम होता. अनुभवाचा अर्थ येथे आधीच ठरलेला असे: ही गुरूची कृपा.

७/ १९८१ मध्ये अभयानंद नावाचे अमेरिकन संन्यासी आश्रमातून बाहेर पडले. तरुण मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप करणारे खुले पत्र त्यांनी मुक्तानंदांना लिहिले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मुक्तानंदांचे निधन झाले. १९८३ मध्ये विल्यम रोडारमर यांच्या लेखात अनेक माजी शिष्यांचे आरोप छापून आले. अनेक निष्ठावंत शिष्यांनी ते मानले नाहीत.

८/ रोडारमर यांच्या वृत्तांतानुसार, मुक्तानंदांनी शिष्यांना दिलेल्या उत्तराचा आशय असा होता: सत्य पत्रांवरून ठरवू नका, स्वतःच्या अनुभवावरून ओळखा. म्हणजे ध्यानातला अनुभव आता गुरूच्या आचरणाच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहिला. बाहेर पडणाऱ्यांची कोंडी नेमकी येथे होती. गुरू नाकारावा तर आयुष्यातला सर्वांत मोलाचा क्षण खोटा ठरणार. क्षण खरा मानावा तर गुरूलाही निर्दोष मानावे लागणार.

९/ या कोंडीतून वेगवेगळ्या वाटा निघाल्या. काहींच्या मते सामूहिक पठण, अपुरी झोप आणि अपेक्षा यांतून मनानेच तो अनुभव घडवला. काहींनी शक्ती खरी मानली, पण शक्ती असणे म्हणजे सदाचारी असणे नव्हे, असे म्हटले. इतरांनी शक्ती मुळात आपलीच होती, गुरू केवळ निमित्त, असा निष्कर्ष काढला.

१०/ धर्माभ्यासक सारा काल्डवेल स्वतः या पंथात राहिल्या होत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने आपला अनुभवही फेटाळला नाही आणि आरोपही झाकले नाहीत. दोन्हींचा मेळ त्यांनी शाक्त तंत्रपरंपरेच्या इतिहासात शोधला.

११/ हा पेच परंपरेलाही अगदीच अनोळखी नाही. अभिनवगुप्तांच्या ‘तंत्रालोका’त शक्तिपाताचे मूळ शिवाची कृपा हे आहे, आणि मानवी गुरूविना ज्ञान प्रकटणारे साधकही तेथे मान्य आहेत. महाराष्ट्रात तुकोबांना गुरूचा उपदेश स्वप्नात झाला. कोणत्याही मठाचा त्यावर ताबा नव्हता.

१२/ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात अनुभवाचा उगम आणि त्याचे मोल हे दोन वेगळे प्रश्न मानले. मोल ठरते ते माणसाच्या जगण्यात त्याला आलेल्या फळांवरून. हाच निकष गुरूलाही लावता येतो. शिष्याला लाभलेल्या शांतीने गुरूवरील आरोपाचा निवाडा होत नाही, आणि आरोप सिद्ध झाला म्हणून ती शांती पुसली जात नाही.

१३/ गणेशपुरीत नित्यानंदांच्या समाधीवर आजही भाविकांची रीघ असते. आश्रम सोडणाऱ्या अभयानंदांनी ध्यान सोडले नाही. गुरूशी नाते तुटल्यावर त्यांनी ज्ञानेश्वरांवर ग्रंथ लिहिला आणि ‘अमृतानुभव’ इंग्रजीत आणला.