वहीवाली बाई

बेंगळुरूत, बेळ्ळंदूरला आमच्या बाल्कनीतून एका अंगाला तळं दिसतं, दुसऱ्या अंगाला निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. 2020च्या एप्रिलात आजी दिवसभर झोपड्यांकडेच तोंड करून बसायची. तळ्याला वास येतो, म्हणायची. खरी ती वाट बघायची गुलाबी साडीतल्या आशा कार्यकर्तीची.

"हिला दार उघडतात बघ. आमच्याकडं नसतं उघडलं."

आमच्याकडं म्हणजे हडपसरला, आणि तेही तिच्या आजेसासूबाईंच्या वेळी. 1897चा प्लेग. घरात उंदीर पडला की गाव सोडून मळ्यात खोपी घालायच्या. पोराच्या जांघेत गाठ आली तर त्याला कणगीआड लपवायचं. मार्चात पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले. छावणीत नेलेलं माणूस परत येत नाही, असं बायका एकमेकींना सांगत. 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला होता. 123 वर्षांनी त्याच कायद्याचा हवाला देणारी नोटीस आमच्या लिफ्टशेजारी चिकटवली होती.

शिपाई यायच्या आधीच हडपसरच्या ससाणे मळ्यात एक दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई फुल्यांनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतलं आणि गावाबाहेर, मोकळ्या रानात तो सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गाठ आलेलं पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. वय 66. तीच लागण होऊन 10 मार्चला त्या गेल्या. आजेसासूबाईंनी तो दवाखाना पाहिला होता की नुसता ऐकला होता, हे आजीला कधी धड सांगता आलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

आमच्या समोरच्या झोपड्यांतही भीती होतीच, नावं लिहून घेणाऱ्या वहीची. जानेवारीत जवळच्या करियम्मन अग्रहारात, बांगलादेशी असल्याच्या संशयावरून, कित्येकांची घरं पाडली गेली होती. त्यानंतर रायचूर-यादगीरकडची माणसंही नाव सांगायला कचरत. म्हणून ही आशाबाई वही पिशवीतच ठेवायची. आधी पोरांची चौकशी, गर्भारणीच्या गोळ्या, मग सहज विचारल्यासारखं, "ज्वर इदेया?" कुणाला ताप असलाच तर त्याला एकटं धाडत नसे, दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत स्वतः बरोबर चालायची. आमच्या सोसायटीत मात्र तिला गेटवरच अडवलं होतं.

"तिला पगार किती?" आजीनं एकदा विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

जुलैत पेपरात वाचलं. 10 तारखेपासून कर्नाटकातल्या आशा संपावर गेल्या होत्या. मागणी होती महिन्याला 12,000 रुपयांची.