कुत्र्याला घेऊन येळवशीला गावी जायचंय? मग निघण्याआधी हे वाचून घ्या

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की पुण्या-मुंबईत राहणाऱ्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला गावाकडचं शेत आठवायला लागतं. शेतात कडब्याची कोप, मातीच्या पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे आणि दिवसभर पै-पाहुण्यांची वर्दळ. कागदोपत्री ही वेळ अमावस्या, तोंडी येळवस. पूर्वी घराला कुलूप लावलं की माणूस मोकळा व्हायचा. आता मात्र अनेकांच्या फ्लॅटमध्ये एक कुत्रंही असतं.

मग प्रश्न येतो. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवायचं, पैसे भरून बोर्डिंगमध्ये सोडायचं, की सोबत न्यायचं?

सोबत नेता येतं. फक्त एक समज आधी काढून टाकायला हवा. गाव म्हणजे कुत्र्यासाठी मोठं मोकळं मैदान नाही. तिथे आधीपासून दुसऱ्या कुत्र्यांची हद्द आहे, दुसऱ्यांच्या शेळ्या-कोंबड्या आहेत, विहिरी आणि फवारलेली पिकं आहेत. शहरातल्या कुत्र्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे ही सहल नीट होणार की बिघडणार, हे बरंचसं घरून निघण्याआधीच ठरतं.

उदाहरणासाठी आपण लातूर जिल्ह्यातलं शिरूर अनंतपाळ घेऊ. निलंगा, उदगीर, देवणी या भागातल्या कुठल्याही गावाला हीच माहिती लागू पडेल.

कधी जावं आणि कुणाला नेऊ नये?

मराठवाड्यात कुत्र्यासाठी सगळ्यात बरा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. येळवस डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते, त्यामुळे हवामान साथ देतं. एप्रिल-मे टाळलेलाच बरा. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना हेही नीट जमत नाही.

लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, गाभण मादी, माजावर आलेली मादी आणि आजारी किंवा फार म्हातारं कुत्रं यांना नेऊ नका. पिल्लांना पार्वो आणि डिस्टेंपरचा धोका असतो. माजावरची मादी नेली तर गावातले सगळे कुत्रे तुमच्या अंगणात मुक्कामाला येतील.

निघण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट रेबीजची लस. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिला डोस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक, असा साधारण क्रम असतो. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी लस टोचून घेण्यात अर्थ नाही, किमान महिनाभर हाताशी ठेवा. पार्वो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसच्या एकत्रित लशीची तारीखही तपासा.

दुसरी गोष्ट गोचीड. गुरांच्या गोठ्याजवळ आणि गवतात गोचीड असणारच. तिच्या चाव्यातून कुत्र्यांना एर्लिकिया, बबेसिया असे रक्ताचे आजार होतात. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोचीडविरोधी गोळी किंवा मानेवर लावायचं औषध द्या. जनावरांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका, त्यातून विषबाधा होऊ शकते.

तिसरी गोष्ट ओळखपट्टी. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. अनोळखी गावात घाबरून पळालेलं कुत्रं परत मिळण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पिशवीत एवढं हवं: लसीकरणाचं पुस्तक, नेहमीचं खाणं, पाण्याचं भांडं, साखळी आणि एक जादा पट्टा, तोंडाची जाळी, जुनी चादर, गोचीड काढायचा चिमटा आणि नेहमीची औषधं.

न्यायचं कसं?

*स्वतःची गाडी:* हा सगळ्यात सोपा मार्ग. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी, मुरूडमार्गे लातूर साधारण सव्वातीनशे किलोमीटर पडतं आणि तिथून पुढे शिरूर अनंतपाळ. निघण्याच्या तीन-चार तास आधी पोटभर खायला देऊ नका, नाहीतर गाडीत उलटी ठरलेली. दर दोन तासांनी थांबा, पण दार उघडण्याआधी साखळी लावा. हायवेवर कुत्रं हरवतं ते बहुतेक वेळा याच क्षणी. जेवायला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी वाढू शकतं.

*रेल्वे:* शिरूर अनंतपाळला रेल्वे नाही. लातूर, लातूर रोड किंवा उदगीर या स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा असेल तर फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर लागते. स्लीपर, थ्री टायर, टू टायर किंवा चेअर कारमध्ये कुत्रा नेता येत नाही. दुसरा पर्याय म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. तिचं बुकिंग पार्सल ऑफिसमध्ये होतं. प्रवासाच्या २४ ते ४८ तास आधीचा पशुवैद्याचा दाखला आणि लसीकरणाचे कागद लागतात. तुमच्या गाडीला फर्स्ट क्लास आहे का, हे तिकीट काढण्याआधी बघा. कूपे मिळाला की नाही, हे अनेकदा चार्ट लागल्यावरच कळतं, त्यामुळे येळवशीच्या गर्दीत यावर एकट्यावर विसंबू नका.

*एसटी:* सणाच्या गर्दीत मोठं कुत्रं एसटीने नेणं व्यवहार्य नाही. लातूरहून पुढे खासगी गाडी ठरवायची असेल तर चालकाला कुत्रं असल्याचं फोनवरच सांगा.

गावातली कुत्री

प्रत्येक गल्लीची आपली कुत्री असतात आणि नवा कुत्रा दिसला की ती एकजुटीने येतात. म्हणून पहिला दिवस अंगणातच काढा. वास, आवाज, माणसं याची सवय होऊ द्या. फिरायला पहाटे किंवा सामसूम असताना न्या, हातात काठी असू द्या. काठी मारायला नाही, अंतर राखायला. गावची कुत्री अंगावर आली तर पळू नका आणि ओरडू नका. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन सावकाश मागे सरका. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका. लांबून बादलीभर पाणी टाकणं जास्त उपयोगी पडतं.

घरातल्या माणसांनाही आधी विचारा. कुत्रं घरात आलेलं आजीला चालतं का? देवघराजवळ, चुलीजवळ? अनेक घरांत कुत्र्याची जागा ओसरीवर किंवा गोठ्याशेजारी असते. गावी गेल्यावर वाद घालण्यापेक्षा फोनवरच ठरवलेलं चांगलं.

शेतात साखळी का सोडायची नाही?

आयर्लंडमध्ये कुत्र्याला घेऊन खेड्यात सुट्टीला जाणं सर्रास चालतं. तिथे पहिला नियम मेंढ्यांचा असतो. १९८६ च्या तिथल्या कायद्यानुसार, मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली, तर ठरावीक परिस्थितीत तो स्वतःचा बचाव करू शकतो. आपल्याकडे असा कायदा नाही, पण नुकसान तेच आहे. शेळी हे एखाद्या घराचं वर्षाचं भांडवल असतं. तुमचं कुत्रं फक्त खेळायला धावलं असेल, तरी गाभण शेळी घाबरून गाभडू शकते. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे.

कारवान कुत्र्यांच्या बाबतीत जास्त जपा. लातूर जिल्ह्याला ही लांब पायांची, सडपातळ शिकारी कुत्री नवी नाहीत. चाकूर तालुक्यातल्या जानवळचं नाव त्यासाठी घेतलं जातं. यांच्या जवळच्या नात्यातल्या मुधोळ हाउंडवर टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढलं होतं. ही कुत्री नजरेने शिकार हेरतात. ससा दिसला की हाक ऐकू येत नाही. ससा, मोर, हरीण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे अशी ‘गंमत’ महागात पडते.

शेतातले बाकीचे धोके असे:

- *शेततळं:* प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या तळ्याच्या कडा निसरड्या असतात. पोहता येणारं कुत्रंही बाहेर चढू शकत नाही आणि दमून बुडतं.
- *विहीर:* बिनकठड्याची विहीर गवतात दिसत नाही. शेतमालकाला आधीच विचारून घ्या.
- *तारेचं कुंपण:* रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेली असते. कुठे काही जण बेकायदा थेट वीजही सोडतात, ती जीवघेणी असते.
- *फवारणी आणि उंदरांचं विष:* तूर फुलोऱ्यात-शेंगांत असताना फवारे चालू असतात. फवारलेल्या शेतात फिरवू नका, पडलेल्या बाटल्या आणि डबक्यातलं पाणी यापासून लांब ठेवा.
- *साप:* कुत्रं वास घेत पुढे जातं, त्यामुळे दंश बहुधा तोंडाला किंवा पायाला होतो. दोरी आवळून बांधू नका, कापू नका. त्याला चालवू नका, उचलून थेट डॉक्टरकडे न्या.

कोपीतलं जेवण

येळवशीच्या दिवशी येणारा प्रत्येक पाहुणा कुत्र्यापुढे काहीतरी टाकणार. कांदा, कांद्याची पात, लसूण घातलेलं काहीही देऊ नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुकांनी किडनी निकामी होऊ शकते, चॉकलेटही विषारी आहे. तेलकट भज्जी आणि गोड खिरीने पोट बिघडतं. साधी भाकरी, भात चालतो. सगळ्यांना एकदाच सांगून टाका: ‘त्याचं जेवण झालंय.’

चावा झाला तर

गावच्या कुत्र्याने माणसाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते, पण ती ठरलेल्या तारखांना पूर्ण घ्यावी लागते. रक्त आलेली जखम असेल तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून ‘दोन दिवस बघू’ हा पर्यायच नाही.

तुमच्या कुत्र्याला चावा झाला तरी हीच घाई करा. लस झालेली असली तरी डॉक्टर पुन्हा बूस्टर देतात.

दवाखाना कुठे?

शिरूर अनंतपाळ परिसरासाठी महत्त्वाचं ठिकाण म्हणजे उदगीर. तिथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवा. १९६२ हा पशुसंवर्धनाचा हेल्पलाइन नंबरही मोबाइलमध्ये असू द्या.

परत आल्यावर

कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल ओतू नका. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, न खाणं, पांढऱ्या हिरड्या किंवा गडद रंगाची लघवी दिसली, तर रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना गावी जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.

हे सगळं वाचून एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर कुत्र्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवणं हाही चांगलाच निर्णय आहे. आणि न्यायचं ठरलं, तर लशीची तारीख आजच बघा. बाकीच्या गोष्टी शेवटच्या आठवड्यात जमतात, ती जमत नाही.