निरीक्षण आणि अनुमान (शालेय विज्ञानशिक्षण)

निरीक्षण आणि अनुमान : इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षणातील दोन पायाभूत कौशल्ये. इंद्रियांनी किंवा उपकरणाने टिपता येते ते निरीक्षण. टिपलेल्यावरून व आधीच्या माहितीवरून ठरवले जाते ते अनुमान. न्यायदर्शनातले ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे : अग्नी दिसत नाही, धुरावरून तो कळतो. मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या मुलांसाठी हे उदाहरण पुस्तकातले राहत नाही. जानेवारी 2016मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनीही टिपला होता. हिवाळ्यात सकाळी त्या दिशेला करडा पडदा दिसला, तर वहीत आधी तेवढेच लिहावे. धूर की धुके, हे वास, वारा आणि ऊन चढल्यावर पडदा विरतो का, यावरून ठरवावे.

उपनगरांत या विषयाला अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलसारखी जागा नाही. सुमारे 60 मीटर उंचीचा काळ्या बेसॉल्टचा सुळका, माथ्यावर गावदेवीचे मंदिर, चहूबाजूंनी इमारती. पायथ्याशी पोचताच मुले ‘लाव्हा’ म्हणतात, कारण ते ऐकलेले असते. शिक्षकाने तो शब्द बाजूला ठेवून काय दिसते एवढेच विचारावे : एकमेकांना चिकटलेले उभे खांब, त्यांच्या बहुकोनी कडा, मधल्या फटी. मग आटलेल्या डबक्यातला भेगाळलेला चिखल आठवायला लावावा. चिखल सुकताना आकसतो, लाव्हा थंड होताना. भेगा पृष्ठभागाशी काटकोन करून आत उतरतात. खांब उभे, म्हणजे थंड होणारा पृष्ठभाग साधारण आडवा असावा. इथवर सातवीचे मूल स्वतःच्या डोक्याने येऊ शकते. टेकडीचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे वय मात्र कितीही निरखले तरी कळणार नाही. त्यासाठी खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांचे मोजमाप लागते. हा फरक मुलांना स्पष्ट सांगायलाच हवा.

एका जागेच्या नोंदीवरून साऱ्या शहराबद्दल अनुमान काढण्यातला धोका 26 जुलै 2005च्या आकड्यांत दिसतो. त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला सुमारे 73. बाटली कापून केलेले पर्जन्यमापक मुलुंड, घाटकोपर आणि बोरिवलीच्या शाळांनी एकाच दिवशी ठेवून आकडे जुळवून पाहिले, तर हाच धडा दर पावसाळ्यात घेता येतो.

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974) हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून शालेय विज्ञान कसे शिकवावे, यावर तेथे संशोधन चालते. मध्य प्रदेशात 1972 ते 2002 या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांवर उभे केले आणि परीक्षेत पुस्तक-वही उघडण्याची मुभा दिली. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या, सहावी व नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते. स्पर्धेचे खरे मोल त्या फेरीत आहे. शिकवण्यांचा भर मात्र लेखी परीक्षेवर राहतो.

बालभारतीच्या पुस्तकांतील ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’ या चौकटी चांगल्या आहेत. पण फळ्यावरचा निष्कर्ष प्रयोगाआधीच वहीत उतरवून घेतला जातो, तिथे त्या वाया जातात. चुकीचे असले तरी मुलाचे स्वतःचे अनुमान वहीत राहू द्यावे, खोडू नये. खाली नवी नोंद करावी.

सावलीचा प्रयोग यासाठी सर्वांत स्वस्त. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस, थेट डोक्यावर येतो. पण मेमध्ये शाळेला सुटी आणि जुलैत आभाळ भरलेले. म्हणून डिसेंबर बरा. 22 डिसेंबरला एक मीटरच्या उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे 92 सेमी भरते, आणि ती बाराला न मिळता साडेबारा उलटल्यावर मिळते. याचे कारण मुलांनी नकाशात शोधावे : भारताची प्रमाणवेळ 82.5° पूर्व रेखावृत्ताची, मुंबई 73°च्या आसपास, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात.