सुरकुत्यांवरील इंजेक्शन : सुई टोचण्यापूर्वी काय पाहावे?

डिसेंबर २०२४ मध्ये सुरत पोलिसांनी पांडेसरा भागात बनावट वैद्यकीय पदव्यांचे जाळे उघडकीस आणले. सुमारे ७० हजार रुपयांत पदवी विकली जात होती. ते दवाखाने सर्दी-तापाचे होते, सौंदर्योपचारांचे नव्हे. तथापि भिंतीवरील प्रमाणपत्रावर किती विसंबावे, हा प्रश्न बोटॉक्स घेणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो. सुरतेत गुजरात वैद्यकीय परिषदेकडे, तर गोव्यात गोवा वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी पडताळता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम विष, अत्यल्प मात्रेत. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश ते रोखते, स्नायू सैलावतो आणि सुरकुती पुसट होते. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. भुवयांमधील रेषांसाठी अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्लोरिडात परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेतील संशोधनासाठीचे विष टोचले आणि स्वतःसह चौघांना पक्षाघाताने अंथरुणाला खिळवले.

म्हणून कुपी पाहण्याचा आग्रह धरावा. मोहोर आपल्यासमोर फोडली जावी. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक व मुदत वाचून नोंदवून ठेवावी. औषध शीतकपाटात ठेवावे लागते. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते, त्यामुळे ‘इतक्या युनिटला इतके रुपये’ ही तुलना फसवी ठरते. सवलतीच्या पार्टीत, पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी हे इंजेक्शन घेऊ नये.

गर्भवती व स्तनदा मातांनी ते टाळावे. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार, टोचण्याच्या जागी संसर्ग, पूर्वीची अॅलर्जी, रक्त पातळ करणारी औषधे किंवा जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. फिलर हा वेगळा प्रकार आहे. तो चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टीही जाऊ शकते. दोन्हींपैकी नेमके काय टोचणार, हे संमतिपत्रात लिहून घ्यावे.

पापणी किंचित झुकणे बहुधा काही आठवड्यांत सुधारते. मात्र गिळणे, बोलणे वा श्वास घेणे जड जाऊ लागल्यास, मग इंजेक्शनला काही तास झालेले असोत वा काही आठवडे, थेट रुग्णालय गाठावे आणि नोंदवलेला बॅच क्रमांक सोबत न्यावा.